ब्लोफेल्डचे चेहरे

अर्न्स्ट स्टाव्हरो ब्लोफेल्ड हा जेम्स बाँडचा सर्वांत चिवट शत्रू. १९६३ ते २०२१ या काळात तो नऊ चित्रपटांत आला आणि त्याला पडद्यावर उभे करायला नऊ माणसे लागली: सात शरीरे आणि दोन उसने आवाज. बाँडची भूमिकाही एका नटाकडून दुसऱ्याकडे गेली, पण तिथे वारसा होता. शॉन कॉनरीने १९६२ मध्ये चालण्या-बोलण्याची जी धाटणी बसवली, तिच्याशी पुढच्या प्रत्येक नटाला काहीतरी नाते सांगावे लागले. ब्लोफेल्डच्या बाबतीत तसे घडले नाही. त्याला प्रत्येक नटाने जवळपास पहिल्यापासून मांडले. कुठे तो टकला, कुठे रुपेरी केसांचा, कुठे दाढीवाला. कुठे खुर्चीला खिळलेला, तर कुठे बर्फावरून स्वतः पाठलाग करणारा. मांजर तेवढे बहुतेक वेळा कायम राहिले.

या अस्थिरतेचे मूळ इयन फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांतच आहे. ब्लोफेल्ड छापील पानावर पहिल्यांदा आला तो १९६१ च्या 'थंडरबॉल'मध्ये. वडील पोलिश, आई ग्रीक, जन्म गदिनियाचा, जन्मतारीख २८ मे १९०८. ही तारीख फ्लेमिंगची स्वतःची. आडनाव त्याने ईटन शाळेतल्या टॉम ब्लोफेल्ड या सोबत्याकडून घेतले, असे मानले जाते. क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना परिचित असलेले हेन्री ब्लोफेल्ड हे याच टॉमचे चिरंजीव. कादंबरीतला ब्लोफेल्ड वॉर्सात शिकतो, पोलंडच्या टपाल-तार खात्यात चिकटतो आणि हाताखालून जाणाऱ्या तारांमधली माहिती विकून पैसा करतो. त्याची पहिली ओळख अशी सरकारी नोकराची आहे. नजरेखालून जाणाऱ्या कागदाची बाजारात काय किंमत येईल, हे ओळखणाऱ्या माणसाची. पुढे तो 'स्पेक्टर' ही कोणत्याही देशाशी बांधील नसलेली संघटना उभारतो. देहाने अवाढव्य, वजन वीस स्टोन, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. काळे केस बारीक कापलेले. दारू नाही, तंबाखू नाही, बाईचा नाद नाही.

दोनच वर्षांनी, १९६३ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये, हाच माणूस सडपातळ होऊन येतो. केस लांब आणि रुपेरी, कानांच्या पाळ्या नाहीशा, डोळ्यांवर हिरवी भिंगे. १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये तो जपानमधल्या एका किल्ल्यात राहतो. मिशा खाली वळलेल्या, दाताला सोन्याची टोपी. तीन पुस्तकांत तीन देह झाले. वेशांतर हा फ्लेमिंगच्या लेखी ब्लोफेल्डचा धंद्यातला भाग होता, त्यामुळे चित्रपटवाल्यांनी चेहरा वारंवार बदलला तेव्हा ते मूळ लेखकापासून फार दूर गेले नाहीत. पडद्यावर त्याची खूण ठरलेले मांजर मात्र या तिन्ही पुस्तकांत कुठेच नाही.

पात्राच्या मालकीचा वादही त्याच्या जन्मापासून चिकटलेला आहे आणि पुढच्या साऱ्या इतिहासावर त्याची सावली आहे. १९५९ च्या सुमारास फ्लेमिंग, आयरिश निर्माता केव्हिन मॅक्क्लोरी आणि पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम यांनी बाँडवर एक चित्रपट करायचे ठरवून पटकथेचे काम केले. चित्रपट झाला नाही. फ्लेमिंगने ते कथानक 'थंडरबॉल' या नावाने कादंबरीत वापरले आणि मॅक्क्लोरीने कोर्ट गाठले. १९६३ च्या अखेरीस तडजोड झाली. 'थंडरबॉल'चे चित्रपटाचे हक्क मॅक्क्लोरीला मिळाले. ब्लोफेल्ड आणि स्पेक्टर नक्की कोणाचे, हा प्रश्न मात्र आणखी पन्नास वर्षे धुमसत राहिला.

पडद्यावरचा पहिला ब्लोफेल्ड १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये आला, तोही चेहऱ्याशिवाय. मूळ कादंबरीत बाँडविरुद्धचा कट सोव्हिएत गुप्तहेर खाते रचते. निर्मात्यांनी शीतयुद्धातली बाजू घेणे टाळले आणि रशियनांच्या जागी स्पेक्टरला बसवले. त्यामुळे संघटनेचा प्रमुख दाखवणे आले. दिग्दर्शक टेरेन्स यंगने खुर्चीत बसवला अँथनी डॉसन. हाच डॉसन आदल्या वर्षी 'डॉ. नो'मध्ये प्राध्यापक डेंट झाला होता आणि बाँडच्या गोळीने मेला होता. आवाज व्हिएन्नात जन्मलेल्या एरिक पोलमानचा. श्रेयनामावलीत ब्लोफेल्डच्या नावापुढे नटाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह छापले गेले.

कॅमेरा या माणसाच्या छातीच्या वर जात नाही. दिसतात ते हात, बोटातली अंगठी आणि मांडीवरचे लांब केसांचे पांढरे मांजर. एका प्रसंगात तो टाकीतले झुंजार मासे दाखवतो: दोन मासे लढतात, तिसरा बाजूला थांबतो आणि जिंकणारा दमला की त्याच्यावर तुटून पडतो. स्पेक्टरचे सारे धोरण एवढ्यात सांगून होते. पोलमानचा आवाज खोल, संथ, थोडा परकी वळणाचा. तो कधी चढत नाही. शिक्षा सुनावतानाही बोटे मांजराच्या अंगावरून त्याच लयीत फिरत राहतात. माया आणि क्रौर्य एकाच हातात दिसावीत, ही कल्पना नटाच्या आवाक्याबाहेरची होती. ती दिग्दर्शनाची आणि छायाचित्रणाची होती. म्हणूनच ती टिकली.

१९६५ च्या 'थंडरबॉल'मध्ये डॉसन आणि पोलमान ही जोडी पुन्हा आली. पॅरिसमधल्या एका धर्मादाय संस्थेआडच्या दालनात स्पेक्टरची बैठक भरते. एकेक सभासद हिशेब देतो आणि पैसे खाणारा आपल्या खुर्चीतच विजेच्या धक्क्याने मरतो. खुर्ची जमिनीखाली जाते, रिकामी वर येते, बैठक पुढे चालू राहते. पडद्याआड बसलेला ब्लोफेल्ड इथे एखाद्या मोठ्या पेढीच्या मालकासारखा आहे, आणि टपाल-तार खात्यातून निघालेल्या फ्लेमिंगच्या माणसाच्या इतका जवळ पुढचा कोणताच नट पोहोचला नाही.

चेहरा दाखवायची वेळ १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये आली. दोन चित्रपट लपवलेली गोष्ट उघड करायची, तर ती तोडीस तोड असायला हवी होती. पहिली निवड होती चेक रंगभूमीवरचा थोर विनोदी नट यान वेरिख. काही दिवसांचे चित्रीकरण झाल्यावर दिग्दर्शक लुईस गिल्बर्ट आणि निर्माता अल्बर्ट ब्रॉकोली यांच्या ध्यानात आले की, वेरिखचा चेहरा फारच प्रेमळ आहे, नाताळबाबासारखा. त्याच्या जागी घाईने डोनाल्ड प्लेझन्सला आणले गेले.

प्लेझन्स हॅरोल्ड पिंटरच्या 'द केअरटेकर' नाटकाने १९६० पासून गाजलेला होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात होता, १९४४ मध्ये त्याचे विमान पडले आणि तो जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला. धिप्पाड वेरिखच्या जागी हा बुटका, मऊ आवाजाचा माणूस आला, तेव्हा त्याला भयंकर कसे करायचे हा पेच होता. कुबड, लंगडा पाय, दाढी, अधू हात असे सगळे करून पाहिले गेले. शेवटी उरला तो कपाळापासून गालापर्यंत उजव्या डोळ्यावरून उतरणारा व्रण. त्याला तुळतुळीत डोके आणि बंद गळ्याचा कोट जोडला गेला. जगाच्या डोक्यात जो ब्लोफेल्ड बसला, तो रंगभूषेच्या खोलीत असा ऐन वेळी तयार झाला.

अभिनयाला जागा मात्र थोडीच मिळाली. चित्रपटाच्या बऱ्याच भागात इथेही हात, मांजर आणि आवाजच आहेत. चेहरा शेवटच्या टप्प्यात उघड होतो. प्लेझन्सने डोळे क्वचित मिटणारा, हळू आवाजात बोलणारा, आतून चिडचिडा माणूस रंगवला. त्याच्याभोवती केन ॲडमने पाइनवुड स्टुडिओत उभारलेला ज्वालामुखीचा अड्डा होता. त्यावर सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले, म्हणजे पाच वर्षांपूर्वी 'डॉ. नो' हा आख्खा चित्रपट जेवढ्यात झाला जवळपास तेवढे. त्या अवाढव्य पोकळीत हा लहानखुरा माणूस आणखी लहान दिसतो. स्फोट सुरू झाल्यावर त्याच्या हातातले मांजर जीव घेऊन सुटायला धडपडते, आणि तेवढ्या क्षणी त्याच्या ताब्यात काहीच उरलेले नाही, हे कोणत्याही संवादापेक्षा स्पष्ट कळते. प्लेझन्सची प्रतिमा अजरामर झाली, हे खरे. तरीही पोलमानच्या आवाजाने जी दहशत निर्माण केली होती, ती या चेहऱ्याने कमी केली. दिसलेला ब्लोफेल्ड न दिसलेल्यापेक्षा लहान निघाला.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' आला आणि सगळेच बदलले. कॉनरी गेला होता, जॉर्ज लॅझेन्बी बाँड झाला होता, आणि आधीच्या बाँडपटांचा संकलक पीटर हंट पहिल्यांदा दिग्दर्शन करत होता. मूळ कादंबरी इतकी प्रामाणिकपणे क्वचितच पडद्यावर आली. या प्रामाणिकपणातून एक विसंगतीही आली: कादंबऱ्यांच्या क्रमात ही गोष्ट जपानच्या आधीची, त्यामुळे आदल्याच चित्रपटात समोरासमोर आलेले बाँड आणि ब्लोफेल्ड इथे एकमेकांना ओळखत नाहीत. प्रेक्षकांना हे खटकले, अजूनही खटकते. पण त्यामुळे नव्या नटावर जुन्या व्रणाचे ओझे राहिले नाही.

हा नट होता टेली सव्हालस. न्यूयॉर्कजवळ ग्रीक कुटुंबात जन्मलेला. ब्लोफेल्डची आई ग्रीक, हे फ्लेमिंगने लिहिलेले असल्याने निवड सहज जुळून आली. 'बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ'साठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड'मध्ये पाँटियस पायलेट करताना उतरवलेले केस त्याने पुढे वाढूच दिले नाहीत, त्यामुळे टक्कल त्याचे स्वतःचे होते.

सव्हालसचा ब्लोफेल्ड आल्प्सच्या शिखरावर राहतो. चित्रीकरण स्वित्झर्लंडमध्ये म्युरेन गावाच्या वर शिल्टहॉर्नवर झाले. तिथले फिरते उपाहारगृह आजही चित्रपटातल्या 'पित्झ ग्लोरिया' याच नावाने चालते. ॲलर्जीवरच्या उपचारांचे केंद्र चालवतो आहे असे भासवून तो तरुणींवर संमोहन करतो आणि त्यांच्या हातून पिके व जनावरे वांझ करणारे विषाणू जगभर पसरवण्याची धमकी देतो. मागणी काय, तर मागचे सगळे गुन्हे माफ व्हावेत आणि काउंट द ब्लूशां ही सरदारकी अधिकृतपणे मान्य व्हावी. जगाला वेठीला धरणाऱ्या माणसाला शेवटी हवी आहे कुलीन वंशावळ. त्यासाठी त्याने कानांच्या पाळ्याही कापून घेतल्या आहेत, कारण त्या घराण्यात पाळ्या नसतात. सव्हालसने ही हाव मुळीच हास्यास्पद होऊ दिली नाही. त्याचा ब्लोफेल्ड यजमान म्हणून सराईत आहे, सिगारेट विचित्र पकडीत धरतो, बाँडची प्रेयसी ट्रेसी हाती लागल्यावर तिच्यावर छाप पाडायला बघतो. शरीराने तो बाँडच्या तोडीचा आहे. रात्री बर्फावरून स्कीवर तो स्वतः पाठलागाच्या पुढे असतो, आणि शेवटी बर्फाच्या घसरगाडीवर दोघे हातघाईवर येतात. दुसऱ्या कोणत्याही ब्लोफेल्डने बाँडशी अशी कुस्ती केलेली नाही.

त्या झटापटीत त्याची मान झाडाच्या फांदीत अडकते, पण तो मरत नाही. बाँड आणि ट्रेसीचे लग्न होते, आणि रस्त्याकडेला थांबलेल्या त्यांच्या गाडीवर दुसऱ्या गाडीतून गोळ्या झाडल्या जातात. मानेला पट्टा बांधलेला ब्लोफेल्ड गाडी चालवतो आहे, गोळ्या झाडते त्याची सहकारी इर्मा बुंट. डायना रिगची ट्रेसी मरते आणि चित्रपट तिथेच संपतो. ब्लोफेल्डने बाँडला खऱ्या अर्थाने हरवले ते या एकाच प्रसंगात, आणि सव्हालसच्या कामाचे मोजमाप इथूनच करायला हवे. त्याच्यावर आक्षेप घेतला गेला तो असा की, तो युरोपीय कटवाल्यापेक्षा अमेरिकेतल्या टोळीप्रमुखासारखा वाटतो. आक्षेपात तथ्य आहे. उच्चार आणि बसण्या-उठण्याची ढब न्यूयॉर्कचीच आहे. पण या टोळीप्रमुखाकडून घाव बसू शकतो, हे प्रेक्षकाला पटते. प्लेझन्सकडून ते पटत नाही.

पुढच्या चित्रपटावर या घावाचा सूड घेण्याची जबाबदारी होती. ती पाळली गेली नाही. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये कॉनरी परतला, दिग्दर्शन गाय हॅमिल्टनचे, आणि सूर हलकाफुलका. ब्लोफेल्ड झाला चार्ल्स ग्रे. चारच वर्षांपूर्वी 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये त्याने हेंडरसन या टोकियोतल्या इंग्रज मदतनिसाचे काम केले होते. ग्रेला टक्कल नाही, व्रण नाही. रुपेरी केस, सिगारेटची लांब नळी आणि गोड, घोळवलेली इंग्रजी वाणी. घशाच्या कर्करोगाने वाचा गेलेल्या जॅक हॉकिन्सला पडद्यावर आपला आवाज देणारा तो हाच ग्रे.

इथला ब्लोफेल्ड शस्त्रक्रियेने स्वतःचे तोतये तयार करतो, एका अब्जाधीशाचा आवाज यंत्राने काढून लास व्हेगासमधून त्याचे साम्राज्य चालवतो, एकदा बायकी वेशात पळ काढतो. समोर दोन ब्लोफेल्ड उभे असताना बाँड मांजराला लाथ मारतो, ते ज्याच्याकडे धावते त्याला खरा समजून गोळी घालतो, आणि मग दुसरे पांढरे मांजर बाहेर येते. दृश्य चतुर आहे. ओळख पटवायला चेहरा उपयोगाचा नाही, मांजरच लागते, हे चित्रपटाने उघडपणे मान्य केले. पण एकदा खूणच फसवी ठरल्यावर भीती कशाची वाटावी? ग्रेचा ब्लोफेल्ड बुद्धिमान आणि मनोरंजक आहे. जगाला त्याच्यापासून धोका आहे, असे मात्र क्षणभरही वाटत नाही. ट्रेसीचे नाव सबंध चित्रपटात निघत नाही, आणि ही चूक भूमिकेला फार महागात पडली.

यानंतर कोर्टकचेऱ्यांनी ब्लोफेल्डला पडद्यावरून उचलले. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये तो येणार होता. मॅक्क्लोरीने हरकत घेतली आणि त्याच्या जागी स्ट्रॉमबर्ग हा नवा खलनायक आला. १९८१ च्या 'फॉर युवर आइज ओन्ली'ची सुरुवात ट्रेसीच्या थडग्यापासून होते. मग चाकांच्या खुर्चीतला, मानेला पट्टा असलेला, मांडीवर पांढरे मांजर घेतलेला टकला माणूस बाँडचे हेलिकॉप्टर दुरून ताब्यात घेतो. शरीर जॉन हॉलिसचे, आवाज रॉबर्ट रिएटीचा. त्याला नाव दिलेले नाही, चेहरा नीट दाखवलेला नाही, कारण नाव घेतले असते तर पुन्हा कोर्ट. बाँड त्याला लंडनच्या बेक्टन गॅस कारखान्याच्या धुराड्यात टाकून देतो. नाव न घेताही प्रेक्षकांनी त्याला ओळखले, आणि खुणा माणसापेक्षा बलवान झाल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

दोन वर्षांनी मॅक्क्लोरीने आपल्या हक्काच्या जोरावर प्रतिस्पर्धी बाँडपट उभा केला. 'नेव्हर से नेव्हर अगेन' ही 'थंडरबॉल'चीच नवी आवृत्ती. बाँड पुन्हा कॉनरी. ब्लोफेल्ड झाला मॅक्स फॉन सिडो, इंगमार बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा. नट म्हणून या सर्वांत तोच कदाचित श्रेष्ठ. नीट राखलेली दाढी, सौम्य बोलणे, राजदूताचा रुबाब. पण प्रसंग मोजकेच दिले गेले आणि सगळा भार क्लाउस मारिया ब्रांडाउअरच्या लार्गोवर टाकला गेला. एवढ्या मोठ्या नटाला एवढे थोडे काम देणे ही या इतिहासातली सर्वांत मोठी नासाडी आहे.

पुढची बत्तीस वर्षे बाँडपटांत ब्लोफेल्ड नव्हता, पण त्याची छाया इतरत्र फिरत होती. मुंबईत रमेश सिप्पीच्या 'शान'मध्ये, १९८० सालीच, कुलभूषण खरबंदाचा शाकाल तुळतुळीत डोके आणि बेटावरचा यांत्रिक अड्डा घेऊन आला होता. ज्यांनी एकही जुना बाँडपट पाहिला नव्हता, अशा कितीतरी मराठी प्रेक्षकांना प्लेझन्सचा ब्लोफेल्ड आधी शाकालच्या रूपातच भेटला. १९९७ मध्ये माइक मायर्सच्या 'ऑस्टिन पॉवर्स'मधल्या डॉ. ईव्हिलने तोच व्रण, तोच कोट आणि तसेच मांजर घेऊन सगळ्याची थट्टा केली. त्या थट्टेनंतर मूळ पात्र गंभीरपणे उभे करणे फार अवघड झाले.

मॅक्क्लोरी २००६ मध्ये वारला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या वारसांशी समझोता होऊन हक्क बाँडच्या निर्मात्यांकडे आले. २०१५ मध्ये सॅम मेंडीसचा 'स्पेक्टर' आला आणि क्रिस्टोफ वॉल्ट्झ ब्लोफेल्ड झाला. तोही पोलमानसारखा व्हिएन्नाचा. रोममधल्या बैठकीचे दृश्य 'थंडरबॉल'ची आठवण करून देते: लांब टेबल, अंधारात बसलेला प्रमुख, हळू आवाज आणि सगळ्या सभासदांचा रोखलेला श्वास. तेवढी काही मिनिटे १९६५ नंतरचा सर्वांत भयावह ब्लोफेल्ड पडद्यावर असतो. मग चेहरा उजेडात येतो आणि गोष्ट घरगुती होते. हा मूळचा फ्रान्झ ओबरहाउझर. त्याच्या वडिलांनी अनाथ बाँडला काही काळ सांभाळले म्हणून त्याने वडिलांनाच मारले आणि आईकडचे ब्लोफेल्ड हे नाव घेतले. ज्याचे बळ कशाशीच, कोणाशीच बांधील नसण्यात होते, त्याला बाँडचा मत्सरी मानलेला भाऊ केल्याने पात्र आक्रसले. हा दोष पटकथेचा. वॉल्ट्झने हसऱ्या, नेटक्या क्रौर्याने त्यातूनही वाट काढली. खुर्चीला बांधलेल्या बाँडच्या डोक्यात बारीक सुई घालताना तो दंतवैद्यासारखा शांत असतो. प्लेझन्सचा व्रण त्याला चित्रपटाच्या शेवटी स्फोटात मिळतो.

२०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये हाच ब्लोफेल्ड लंडनच्या बेलमार्श तुरुंगात साखळदंडात बसलेला आहे. काम एकाच मोठ्या दृश्याचे. तो बाँडला बोलून चिडवतो, बाँड त्याचा गळा धरतो, आणि बाँडच्या नकळत त्याच्या हातांवर आलेल्या सूक्ष्म यंत्रांनी ब्लोफेल्ड मरतो. फ्लेमिंगच्या १९६४ च्या कादंबरीतही तो बाँडच्या हातून गळा दाबूनच मेला होता.

या सगळ्यांत दहशत कोणी निर्माण केली असे विचारले, तर उत्तर डॉसनचे हात आणि पोलमानचा आवाज. प्रतिमा कोणी दिली, तर प्लेझन्सने. पण नट आणि पात्र एकजीव होऊन बाँडसमोर खरा शत्रू उभा राहिला तो सव्हालसच्या कामात. 'नो टाइम टू डाय'च्या शेवटी, बाँड गेल्यावर, लुई आर्मस्ट्राँगचे गाणे वाजते. ते १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मधले, बाँड आणि ट्रेसीचे गाणे आहे.